न जळणाऱ्या फेसाची बखर

१९६७ सालच्या सप्टेंबर महिन्यात स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील ईस्ट वीम्स गावानजीकच्या मायकेल कोळसाखाणीत जी आग लागली, तिच्या तहकिकातीत एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. कोळसा आपण होऊन तापतो व पेटतो, हे संकट खाणवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आणि त्याच्या निवारणार्थ, भुयारांच्या भिंतींतील फटींतून हवा झिरपून कोळशाला मिळू नये म्हणून, त्या भिंतींवर पॉलियुरेथेन नावाच्या नव्या कृत्रिम द्रव्याचा फेस फवारून त्यांचे लिंपण करण्यात आले होते. कोळसा तरीही पेटला. आणि मग ज्या लिंपणाने आगीचा श्वास कोंडावयाचा, तेच लिंपण पेट घेऊन काळ्या धुराचे लोट भुयारांतून पुढे लोटू लागले. त्या पाळीत तीनशेवर कामगार खाली उतरले होते. त्यांतील नऊजण प्राणांस मुकले, आणि स्कॉटलंडमधील मोठ्या खाणींत गणना होणारी ती खाण पुन्हा कधी सुरू झाली नाही.

ज्वालारोधक फेसाचा वृत्तांत लिहिणारे बहुधा प्रयोगशाळेपासून आरंभ करतात. मी खाणीपासून केला तो अशासाठी, की ज्वलनाचा प्रश्न या द्रव्याला प्रथम खाणीने, छपराने, नृत्यगृहाने आणि अखेर लंडनच्या एका उत्तुंग इमारतीने विचारला, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर रसायनज्ञांनी रेणूच्या रचनेत शोधले. ही उत्तरे उत्तरोत्तर अधिक मार्मिक होत गेली, याविषयी वाद नाही. परंतु उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरविणाऱ्या कसोट्या मात्र रसायनाच्या मागे फार अंतरावर रेंगाळत राहिल्या, आणि या बखरीतील बहुतेक मृत्यू त्या मधल्या अंतरात घडलेले आहेत, असे माझे मत आहे.

या द्रव्याचा जन्म १९३७ साली जर्मनीत, ऱ्हाइनकाठच्या लेव्हरकुझेन येथे, आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायनसंघाच्या संशोधनशाळेत झाला. तेथील प्रमुख ऑटो बायर यांचे आडनाव फार्बेनमध्ये सामील झालेल्या बायर कंपनीच्या मूळ संस्थापकाचेच असले, तरी त्या घराण्याशी त्यांचे नाते नव्हते. अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या वॉलेस कॅरोदर्स यांनी नायलॉन सिद्ध करून त्याचे सर्व हक्क पेटंटांच्या तटबंदीत बंदिस्त केले असता, त्या तटाला वळसा घालून कृत्रिम धाग्याचा दुसरा मार्ग काढावा, या ईर्ष्येने बायर यांनी आयसोसायनेट नामक संयुगांकडे मोर्चा वळविला. ही संयुगे पॅरिसच्या व्यूर्त्स यांनी १८४९ सालीच तयार केली होती. पण ज्या पदार्थाचा पाण्याशी, अल्कोहोलाशी, किंबहुना भेटेल त्याच्याशी संयोग होतो, असा तापट पदार्थ घेऊन धंदा करावा कोणी, म्हणून ती ग्रंथांतच पडून राहिली होती. दोन टोकांना आयसोसायनेट गट असलेला एक रेणू आणि दोन टोकांना हायड्रॉक्सिल गट असलेला दुसरा, यांची साखळी जोडली असता मध्ये काहीही न सांडता दीर्घ बहुवारिक उभे राहते, ही बायर यांची कल्पना सहकाऱ्यांना आरंभी पटली नव्हती. १३ नोव्हेंबर १९३७ या तारखेस तिच्या पेटंटाची दरखास्त दाखल झाली.

फेस मात्र कोणी योजलेला नव्हता. मिश्रणात ओलाव्याचा अंश राहिला की आयसोसायनेट त्याच्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडी, आणि ओतलेल्या ठोकळ्यात बुडबुडे राहून जात. कंपनीच्या तपासनीसांनी असे नमुने पाहून, यांचा उपयोग झालाच तर भोकाभोकांच्या स्विस चीजची नक्कल करण्यापुरता होईल, असा शेरा मारल्याची आख्यायिका या व्यवसायात अद्यापि सांगितली जाते. दोषालाच गुण मानून तो हेतुपुरस्सर वाढविण्याचे चातुर्य बायर यांच्या मंडळींनी दाखविले. आणि महायुद्धात जर्मनांनी हा कठीण फेस दोन पातळ आवरणांमध्ये भरून विमानांचे काही भाग हलके व ताठ बनविले. युद्ध संपल्यावर विजेत्यांच्या तपासनीसांनी फार्बेनची दप्तरे चाळली, विद्या समुद्रापार गेली, आणि १९५४ साली मॉन्सँटो व बायर या दोन कंपन्यांनी मिळून अमेरिकेत मोबे नावाचा कारखाना काढला.

कठीण फेसाचे रसायन त्यानंतरच्या दहाएक वर्षांत आकारास आले, आणि ते पाहण्यासारखे आहे. दोन द्रव एकत्र घुसळावयाचे: एक पॉलिऑल, म्हणजे अनेक हायड्रॉक्सिल हात असलेला जाड तेलासारखा द्रव; दुसरा तपकिरी आयसोसायनेट, जो अॅनिलिन व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनतो. पॉलिऑलचे हात जितके अधिक व आखूड, तितके जाळे घट्ट व फेस कठीण. म्हणून रसायनज्ञ अखेर साखरेकडे वळले, कारण साध्या साखरेच्या एका रेणूला असे आठ हात असतात. फुगविण्यासाठी त्यांनी ट्रायक्लोरोफ्लुओरोमिथेन, म्हणजे व्यवहारातील सीएफसी-११, हा द्रव घातला. संयोगातील उष्णतेने तो उकळून वायुरूप होई आणि बंद कोशिकांत कायमचा कोंडला जाई. हा वायू उष्णतेचा इतका मंद वाहक, की या फेसातून काचलोकरीच्या मानाने जवळजवळ निम्मीच उष्णता वाहू लागली. घरोघरच्या रेफ्रिजरेटरांच्या भिंती पातळ झाल्या त्या यामुळे. आपल्याकडे तासगाव-सांगलीच्या बाजूला बेदाणा साठविणाऱ्या शीतगृहांत ज्याला ‘पफ पॅनेल’ म्हणतात, ते दोन पत्र्यांमध्ये ओतलेले हेच द्रव्य होय. आयसोसायनेट हे नाव आपल्या लोकांच्या कानी पडले ते १९८४ च्या डिसेंबरात, भोपाळमुळे. तेथे निसटलेला मिथिल आयसोसायनेट याच कुळातला, मात्र फेसात पडणारा त्याचा भाऊबंद पुष्कळ जड व सहसा न उडणारा आहे.

आता हा फेस जळतो का, याचा विचार करू. कारण येथेच त्याच्या सद्‌गुणाचे व दुर्गुणाचे मूळ एक असल्याचे दिसून येते. घनमीटरभर फेसाचे वजन अवघे तीस-पस्तीस किलो. म्हणजे आकारमानाचा सुमारे ९७ टक्के भाग वायूचा, आणि उरलेल्या तीन टक्क्यांत कागदाहून कितीतरी पातळ अशा कोशिकांच्या भिंती. जाड लाकडी तुळईला ज्वाला लावली असता उष्णता आत मुरत जाते आणि पृष्ठभाग पेट घेण्याइतका तापावयास अवधी लागतो. फेसाची ख्यातीच मुळी उष्णतेला आत येऊ न देण्याची. तेव्हा ज्वालेची सारी उष्णता त्याच्या पृष्ठभागावरच साठते, आणि काही क्षणांत तेथील तापमान दोनशे अंशांच्या पलीकडे जाते. या सुमारास आयसोसायनेट व हायड्रॉक्सिल यांना सांधणारा युरेथेनचा बंध उकलू लागतो. आयसोसायनेटचे अंश वाफेत जातात, पॉलिऑल तुटून ज्वलनशील वायू देते, ते वायू पेटतात, त्यांच्या आचेने शेजारच्या कोशिका उकलतात, आणि भिंतीवरून ज्वाला माणसाच्या धावण्यापेक्षाही वेगाने सरकू शकते. शिवाय या रेणूत नायट्रोजन असल्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही उतरतो. उष्णतारोधनासाठी जे जे केले, ते ते सर्व दहनाच्या पथ्यावर पडले.

यावर उपाय म्हणून दोन मूलद्रव्यांच्या घराण्यांना पाचारण करण्यात आले. क्लोरिन व ब्रोमिन यांचे घराणे ज्वालेत शिरून लढते: तापल्यावर त्यांतून सुटणारी हायड्रोजनसंयुक्त आम्ले ज्वालेतील हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांचे चंचल मूलक पकडतात आणि दहनाची साखळी तोडतात. फॉस्फरसचा डाव मुख्यतः जमिनीवरचा आहे: त्यापासून उष्णतेने बनलेले आम्ल पॉलिऑलमधील पाण्याचा अंश हिरावून घेते, मागे कार्बनचा काळा पापुद्रा राहतो, आणि तो पापुद्रा आतल्या कोऱ्या फेसाला झाकतो.

पहिला ठळक प्रयत्न क्लोरिनवाल्यांचा. न्यू यॉर्क राज्यातील नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या हूकर कंपनीने हेक्साक्लोरोसायक्लोपेंटाडाइन या संयुगापासून क्लोरेंडिक आम्ल काढले. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरिनचाच. हे आम्ल पॉलिऑलच्या साखळीतच गुंफून केलेला कठीण फेस ‘हेट्रोफोम’ या नावाने बाजारात आला. क्लोरिन वरून कालविलेला नसून रेणूच्या अंगात विणलेला आहे, ही त्यातील खरी नवलाई. ‘रासायनिक परिवर्तन’ या शब्दप्रयोगाला या क्षेत्रात जो अर्थ आहे, तो येथपासून. त्याच कंपनीने १९४२ पासून पुढील दहाएक वर्षांत सुमारे २१,००० टन रासायनिक गाळ लव्ह कॅनाल नावाच्या एका अर्धवट खोदलेल्या कालव्यात पुरला, तो भूखंड १९५३ साली शाळामंडळाला एका डॉलरला लिहून दिला, आणि १९७८ साली तेथील रहिवाशांना घरे सोडण्याची पाळी आली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. आग विझविणारे क्लोरिन जमिनीत गेले म्हणजे तितकेच चिवटपणे टिकून राहते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

फॉस्फरसवाल्यांनी आधी सोपा मार्ग धरला. क्लोरिनयुक्त फॉस्फेटांची तेले पॉलिऑलमध्ये नुसती मिसळावयाची: खर्च कमी, यंत्रे तीच, आणि प्रयोगशाळेतील ज्वाला ताबडतोब मंदावते. परंतु मिसळलेले तेल जाळ्याशी बांधलेले नसते. ते कोशिकांच्या भिंती मऊ पाडते, वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते, आणि पंधरा-वीस वर्षांनी प्रत्यक्ष आग लागेल तेव्हा आत किती उरले असेल, याची हमी कोणी घ्यावी? ही अडचण ओळखून स्टॉफर केमिकल या अमेरिकन कंपनीच्या रसायनज्ञांनी डायइथिल फॉस्फाइट, फॉर्माल्डिहाइड व डायइथॅनॉलअमाइन या तिघांचा संयोग घडवून जो रेणू निर्माण केला, तो ‘फायरॉल ६’ या नावाने विख्यात झाला. याच्या एका अंगाला फॉस्फरस व दुसऱ्या अंगाला दोन मोकळे हायड्रॉक्सिल हात आहेत. फेस बनत असताना हे दोन हात आयसोसायनेटशी जोडले जातात आणि फॉस्फरस जाळ्याचाच एक घटक होऊन बसतो. तो झिरपावा म्हटले तर भिंतच मोडावी लागेल. शिवाय रेणूच्या मध्यभागी असलेला नायट्रोजन फेस धरण्याच्या क्रियेलाही हातभार लावतो. १९६० च्या दशकातील या रेणूइतकी काटकसरीची रचना या क्षेत्रात मला तरी दुसरी दिसलेली नाही.

अशा रेणूंच्या साहाय्याने किती मात्रा पुरते, याचे आडाखेही ठरले. जॉन लायन्स यांनी १९७० साली ज्वालारोधकांच्या रसायनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात पॉलियुरेथेनसाठी फॉस्फरस दीड टक्का, ब्रोमिन बारा ते चौदा टक्के, किंवा क्लोरिन अठरा ते वीस टक्के असे ढोबळ प्रमाण दिलेले आढळते. आणि दोन घराणी एकत्र आणली तर प्रत्येकाचे बरेच कमी लागते. फॉस्फरसचे श्रेष्ठत्व या आकड्यांवरूनच उघड आहे. परंतु ‘पुरते’ म्हणजे कोणत्या ज्वालेपुढे पुरते, हा प्रश्न त्या आकड्यांच्या मागे दडलेला होता.

ती ज्वाला एका दिव्याची होती. अमेरिकेत डी-१६९२ या क्रमांकाची जी प्रमाणित चाचणी रूढ होती, तीत सहा इंच लांब, दोन इंच रुंद व अर्धा इंच जाड असा फेसाचा तुकडा तारेच्या जाळीवर आडवा ठेवून त्याच्या एका टोकाला मिनिटभर बर्नरची ज्वाला लावीत, आणि आग पाच इंचांच्या खुणेपर्यंत पोचली नाही तर तो फेस ‘आपोआप विझणारा’ म्हणून जाहीर होई. आडवा तुकडा, वर मोकळी हवा, शेजारी दुसरी जळती वस्तू नाही, उष्णता परतविणारे छप्पर नाही: आगीला अनुकूल अशी एकही परिस्थिती त्या टेबलावर नव्हती. याच्या जोडीला शिकागोच्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजमध्ये अल्बर्ट स्टायनर यांनी उभारलेला पंचवीस फुटी बोगदा होता. त्यात तांबड्या ओकच्या लाकडाला १०० व अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या तक्त्याला ० असे गुण धरून इतर पदार्थांची ज्वालागती मोजीत. लाकडासाठी तो उत्तम होता. फेसाला मात्र त्यातही खऱ्या भिंतीवरच्यापेक्षा पुष्कळ सौम्य गुण मिळत. आणि या गुणांच्या आधारावर शिल्पज्ञ, विमेवाले व नगरपालिकांचे अधिकारी मंजुऱ्या देत होते.

१ नोव्हेंबर १९७० च्या उत्तररात्री फ्रान्सच्या ग्रनोबल शहराजवळील सँ-लोरां-द्यू-पाँ या गावी ‘सँक-सेत’ नावाच्या नृत्यगृहात, गुहेसारखी नक्षी काढलेल्या पॉलियुरेथेनच्या भिंती पेटल्या आणि १४६ माणसे, बहुतेक तरुण, मरण पावली. नवे उघडून काही महिनेच झालेले ते ठिकाण. बाहेर पडण्याची काही दारे कुलूपबंद होती. दोष एकट्या फेसाचा नव्हता हे खरे, परंतु लहान तुकड्याची आग आणि खोलीची आग या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, हे त्यानंतर कोणाला नाकारता येईना.

१९७३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्लास्टिक उद्योगाची संघटना, चाचण्या प्रमाणित करणारी संस्था आणि पंचवीसच्या आसपास कारखानदार यांच्याविरुद्ध फिर्याद मांडली. आरोप असा, की ‘आपोआप विझणारा’, ‘न जळणारा’ अशी विशेषणे लावून फेस विकताना, प्रत्यक्ष आगीत तो कसा वागतो हे ठाऊक असूनही दडविले गेले. पुढील वर्षी तडजोड झाली: ती विशेषणे बाजारातून गेली, ती चाचणी पुढे रद्द झाली, आणि उद्योगाने पाच वर्षांत पन्नास लाख डॉलर अग्निसंशोधनास द्यावेत असे ठरले. त्या पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे अध्यक्षपद नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या जॉन लायन्स यांच्याकडे आले, म्हणजे ज्यांनी टक्केवारीचे आडाखे ग्रंथबद्ध केले होते, त्यांच्याकडेच. त्यानंतर लहान तुकड्यांची जागा भव्य चाचण्यांनी घेतली; पंचवीस फूट उंचीच्या भिंतींचा कोपरा उभारून त्याच्या तळाशी लाकडाचा ढीग पेटविणारी फॅक्टरी म्युच्युअल या विमासंस्थेची चाचणी ही त्यांतली प्रसिद्ध. रसायनज्ञांच्या अनेक अभिमानास्पद रेणूंनी त्या कोपऱ्यात मान टाकली.

दरम्यान फायरॉलच्या कुळाला एक निराळाच धक्का बसला होता. यूटा विद्यापीठात अर्विंग आइनहॉर्न यांच्या नेतृत्वाखाली ज्वलनसंशोधनाचे केंद्र चालत असे. तेथील मंडळींनी ट्रायमिथिलॉलप्रोपेन या तीन हातांच्या अल्कोहोलापासून केलेल्या पॉलिऑलचा कठीण फेस घेतला, एका नमुन्यात जाळ्याशी बांधला जाणारा फॉस्फरस घातला, दुसऱ्यात घातला नाही, आणि दोन्हींच्या धुरात उंदीर ठेवले. फॉस्फरस नसलेल्या फेसाच्या धुराने जे व्हावयाचे ते झाले. फॉस्फरस असलेल्या, म्हणजे मंद जळणाऱ्या, सुरक्षित समजलेल्या फेसाच्या धुरात मात्र उंदरांना अपस्माराचे भयानक झटके येऊन ते मरू लागले. आणि त्यांच्या रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण या मृत्यूंचा उलगडा करण्यास पुरेसे नव्हते. शोध घेता असे निष्पन्न झाले, की आचेत पॉलिऑलचे तीन हात फॉस्फरसभोवती मिटून एक इवलासा द्विचक्री फॉस्फेट रेणू तयार होतो, आणि तो मज्जासंस्थेचे जालीम विष आहे. १९७५ साली हा निबंध ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पॉलिऑल निर्दोष, फॉस्फरस निर्दोष, दोहोंचा संगम मात्र आगीत घातक: असा निष्कर्ष रसायनज्ञाला किती अस्वस्थ करीत असेल याची कल्पना करावी, कारण रेणू फेसात काय करतो एवढेच पाहून आता भागणार नव्हते, तो राख होताना वाटेत काय काय होऊन जातो, याचाही झाडा द्यावा लागणार होता. त्या जोडगोळीपासून दूर राहण्याचा धडा तर मिळालाच. शिवाय धुराच्या विषारीपणाची परीक्षा हे एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसले.

तोपर्यंत एका वेगळ्या दिशेने मूलगामी उत्तर पुढे येत होते. युरेथेनचा बंध दोनशे अंशांच्या सुमारास उकलतो, तर मग रोधक घालून त्याचे रक्षण करीत बसण्यापेक्षा बंधच बदलावा, असा हा विचार. तीन आयसोसायनेट गट एकमेकांना धरून कार्बन व नायट्रोजन यांचे एकाआड एक सहा अणूंचे कडे बनवितात, हे जर्मन रसायनज्ञ हॉफमन यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. आयसोसायन्युरेट नावाचे हे कडे तीनशे अंशांपुढेही सहज उकलत नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत व इंग्लंडमध्ये आयसोसायनेट गरजेच्या दुप्पट-तिप्पट घालून, पोटॅशियमच्या क्षारांसारख्या उत्प्रेरकांनी त्याची कडी जुळवून फेस करण्याचे प्रयोग झाले. नुसत्या कड्यांचा फेस इतका ठिसूळ निघाला की बोटाने चोळताच त्याचा भुगा होई. तेव्हा थोडा पॉलिऑल परत घालून, कड्यांच्या मधून युरेथेनचे लवचीक दुवे सोडून, ताठरपणा व चिवटपणा यांचा समझोता घडविण्यात आला. हाच व्यापारातील पीआयआर फेस. आगीत तो वितळून ठिबकत नाही; त्याच्या पृष्ठभागावर टणक कोळसा धरतो, आणि फॉस्फरस त्यात अत्यल्प पुरतो. अपोलो अंतराळयानातील १९६७ च्या अग्निकांडानंतर नासाच्या एम्स केंद्रात जॉन पार्कर यांनीही याच जातीच्या फेसांवर काम करून विमानाच्या सांगाड्याला जळत्या इंधनापासून वाचविण्याचे प्रयोग केले. पुढील दोन दशकांत अमेरिकेतील सपाट छपरांच्या फळ्यांचा धंदा जवळजवळ सबंध या कड्यांकडे गेला.

छपरांवरून ही विद्या भूगर्भात मात्र वेळेवर उतरली नाही. १६ सप्टेंबर १९८६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील किनरॉस सोन्याच्या खाणीत अॅसिटिलीनच्या वेल्डिंगने ठिणगी पडली, भुयाराच्या भिंतींवर फवारलेला पॉलियुरेथेनचा फेस पेटला, आणि विषारी धुराने १७७ कामगार मेले. ब्रिटनमध्ये मायकेल खाणीनंतर कोळसाखाणींतून या फेसाची हकालपट्टी झाली होती, त्याला तोवर जवळजवळ दोन दशके लोटली होती.

१९८७ च्या माँट्रियल करारनाम्याने सीएफसी-११ चे दिवस भरले, आणि ज्वलनाचा प्रश्न पुन्हा अवघड झाला. सीएफसी जळत नसे. तिच्या जागी जर्मनीत १९९० नंतर जो पेंटेन आला, तो पेट्रोलाचा सख्खा भाऊ. प्रत्येक कोशिकेत इंधन कोंडून वर ज्वालारोधकाची अपेक्षा धरावयाची, असा हा विपरीत व्यवहार. पण ओझोनचा थर वाचवावयाचा तर दुसरा स्वस्त मार्ग नव्हता. मुंबईच्या गोदरेजसारख्या रेफ्रिजरेटर बनविणाऱ्यांनीही स्विस व जर्मन साहाय्याने सायक्लोपेंटेनची वाट धरली. कड्यांचे प्रमाण वाढविणे आणि फॉस्फरसची मात्रा वाढविणे, या दोनच तजविजी हाती होत्या.

मात्रा वाढली ती मुख्यतः मिसळणाऱ्या तेलांची, आणि त्यांची अपकीर्ती जुनी होती. १९७७ च्या जानेवारीत आर्लीन ब्लम व ब्रूस एम्स यांनी लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतील ब्रोमिनयुक्त ‘ट्रिस’वर आक्षेप घेतला आणि एप्रिलमध्ये त्यावर बंदी आली, मग त्याच्या जागी जे क्लोरिनयुक्त भावंड आणले, तेही जनुकांत विकृती आणणारे असल्याचे पुढच्याच वर्षी दिसून आले. कपड्यांतून ते गेले, फर्निचरच्या फेसात राहिले. कठीण फेसातील क्लोरोइथिल फॉस्फेटला युरोपात अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घालून आळा बसला. क्लोरोप्रोपिल फॉस्फेट आजही पिंपांनी खपते. म्हणून संशोधकांनी पुन्हा जाळ्यात बांधल्या जाणाऱ्या फॉस्फरसची कास धरली आहे. एरंडेल, सोयाबीनचे तेल, एवढेच नव्हे तर कोकण-गोव्याच्या काजूकारखान्यांत टरफलांतून निघणारे दाहक तेल, यांपासून पॉलिऑल करून त्यांच्या अंगी फॉस्फरस जडविण्याचे प्रयोग चालू आहेत. काजूच्या तेलातील कार्डनॉलला सुगंधी वलय उपजतच असते, आणि अशी वलये कोळसा धरण्यास अनुकूल. त्यामुळे या मालाविषयी मला विशेष आशा वाटते.

१४ जून २०१७ रोजी लंडनचा चोवीस मजली ग्रेनफेल टॉवर पेटला आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. आग वर चढविण्याचे मुख्य पाप बाहेरच्या अॅल्युमिनियम पत्र्यांत भरलेल्या पॉलिएथिलीनचे, असे चौकशीत ठरले. परंतु त्यामागे उष्णतारोधनासाठी बसविलेला बहुतांश फेस पीआयआर होता, आणि त्यानेही ज्वालेला साथ दिली. २०२४ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालात, हा फेस उंच इमारतींसाठी योग्य ठरविण्याकरिता २०१४ साली घेतलेल्या भव्य भिंतीच्या चाचणीत मॅग्नेशियम ऑक्साइडचे न जळणारे तक्ते मध्ये घातले होते आणि विक्रीच्या कागदपत्रांत त्यांचा उल्लेख टाळला होता, हे सविस्तर नमूद आहे. १९७३ च्या फिर्यादीत लहान चाचणीवर विसंबून मोठी ग्वाही दिल्याचा आरोप होता. येथे चाचणी मोठी होती, तिच्यातच फेरफार झाला.

इंग्लंडच्या सरकारने २०१८ च्या डिसेंबरात नियम काढला, की अठरा मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत युरोपीय वर्गवारीतील ‘ए-२’ पायरीखालचा पदार्थ घालू नये. ही पायरी बंध किती अंशांवर उकलतो हे विचारीत नाही, ज्वाला किती वेगाने सरकते एवढ्यावरही थांबत नाही. पदार्थ संपूर्ण जाळला तर किलोमागे तीन मेगाज्यूलपेक्षा अधिक उष्णता निघू नये, असे ती म्हणते. पीआयआर फेसातून याच्या कित्येक पट निघते, कारण तो अखेर कार्बन व हायड्रोजन यांचाच बनलेला आहे, आणि फॉस्फरस जडविल्याने वा कडी जुळविल्याने ती उष्णता लांबणीवर पडते, नाहीशी होत नाही. त्या उंचीवर खनिज लोकर परत आली. अठरा मीटरच्या खाली, छपरांवर, शीतगृहांत आणि रेफ्रिजरेटरांच्या भिंतींत फेसाचा व्यापार पूर्ववत चालू आहे.